हरणांच्या वाटेवरील कॅमेरा : निवड आणि वापर



रानालगतच्या गावात सकाळी शेतावर जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, रात्री येथे कोण येऊन गेले? सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांत हा प्रश्न नवा नाही. भाताची लोंबी ओरबाडलेली असते, मिरचीची रोपे शेंड्याकडून तुटलेली असतात, कुळागरात लावलेली सुपारीची कोवळी रोपटी मोडून पडलेली असतात. उत्तरही बहुधा तयारच असते. कोणी म्हणतो मेरू आले, कोणी म्हणतो गवे आले, आणि काहीच ठरले नाही तर दोष रानडुकराच्या माथी मारला जातो. या उत्तरावर पुढच्या पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. कुंपण किती उंच घालावयाचे, राखण कोणत्या वेळी करावयाची, पंचनाम्यात काय लिहावयाचे हे सारे त्यावरून ठरते. कधी कधी त्याच उत्तराच्या भरवशावर शेताच्या कडेला तारेचा फास लागतो किंवा कुंपणात चोरून वीज सोडली जाते. ज्याच्यासाठी ही योजना केलेली असते तो प्राणी सुटून जातो आणि भेकर, बिबट्या, कधी गावातलाच माणूस त्यात सापडतो. रात्री कोण आले हे नेमके कळणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हे नेमके कळण्याचे एक साधन आता सर्वांच्या आटोक्यात आले आहे. झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधून ठेवावयाचा आणि समोरून जनावर गेले की आपण होऊन छायाचित्र घेणारा हा कॅमेरा होय. वनखात्यात त्याला ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात. पाच-सात हजार रुपयांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत तो मिळतो. किमतीतील हा फरक पाहून पुष्कळांचा गोंधळ उडतो आणि महाग तेच चांगले अशी समजूत करून घेतली जाते. ही समजूत बरोबर नाही.

या कल्पनेचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हा मूळचा शिकारी. त्याने रानात दोरी ताणून ठेवली आणि दोरीला धक्का लागताच कॅमेरा व प्रकाश दोन्ही चालू होतील अशी योजना केली. त्याने रात्री टिपलेली हरणांची व इतर प्राण्यांची छायाचित्रे जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात शिवालिकच्या रानात अशीच तार लावून वाघांची छायाचित्रे घेतली. पुढे १९९० नंतर कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंत यांनी पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची शास्त्रीय पद्धत रूढ केली, आणि तीच आज देशभर वापरली जाते. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते व त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांतील वाघांची छायाचित्रे ७६,६५१. म्हणजे सुमारे साडेचारशे छायाचित्रे चाळावीत तेव्हा एकात वाघ दिसावा! उरलेल्यांत हरणे, गवे, डुकरे, गुरे, हलणारे गवत आणि माणसे होती. माणसांच्या छायाचित्रांविषयी पुढे सांगावयाचे आहे.

अमेरिकेत हा कॅमेरा आजही मुख्यतः हरणांच्या शिकाऱ्यांच्या उपयोगाचा मानला जातो. हंगामापूर्वी कोणता नर कोणत्या वाटेने कोणत्या वेळी जातो याची पाहणी तो करून देतो. त्याचा अतिरेक होऊ लागला तेव्हा तेथील काही राज्यांनाच तो आवरावा लागला. ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी असे कॅमेरे वापरण्यास बंदी केली आहे. भारतात हा प्रश्नच उद्भवू नये. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ अन्वये हरणांची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्या हेतूने कॅमेरा लावणाऱ्याला तो पाहणीसाठी होता असे म्हणून सुटता यावयाचे नाही. येथे हेतू एकच, प्राणी ओळखणे व त्याच्या येण्याजाण्याची रीत समजून घेणे.

गोव्याच्या रानात हरणे कोणती, हे अगोदर पक्के असावे. सांबर, ज्याला येथे मेरू म्हणतात, हे सर्वांत मोठे. खांद्याशी चार-साडेचार फूट उंच, बहुतेक रात्रीचे हिंडणारे. चितळ कळपाने राहते व दिवसाउजेडीही मोकळ्यावर येते. भेकर लहान, एकटेदुकटे राहणारे, कुत्र्यासारखे भुंकणारे. पिसोरी जेमतेम फूटभर उंचीची. तिला लोक हरणातच धरतात, पण ती खऱ्या हरणांच्या कुळातील नव्हे. तिच्या नरालाही शिंगे नसतात, वरच्या जबड्यातील सुळे मात्र असतात. ही माहिती केवळ पाठांतरासाठी नाही. चार फुटी सांबरासाठी ज्या उंचीवर कॅमेरा बांधावा त्या उंचीवर बांधला तर पिसोरी त्याच्या खालून रोज निघून जाईल आणि त्या रानात पिसोरी नाहीच असा निष्कर्ष कागदावर उतरेल.

कॅमेरा विकत घेण्यापूर्वी दोन-चार सकाळी जमीन वाचण्यात घालवाव्यात. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ती पाला कापीत नाहीत, ओढून तोडतात, आणि तुटलेल्या देठाची कडा फाटल्यासारखी, चिंध्या झाल्यासारखी दिसते. ससा व साळींदर यांना वरखाली धारदार दात असल्यामुळे त्यांनी तोडलेला शेंडा सुरीने तिरपा कापल्यासारखा साफ असतो. डुक्कर जमीन उकरते. गव्यालाही वरचे पुढचे दात नसतात, पण त्याचे शेण गुरासारखे पडते आणि हरणाच्या लेंड्या पडतात. मात्र एक घोटाळा येथे राहतोच. गावातील मोकाट गुरे पालाही तशाच रीतीने तोडतात व शेणही तसेच टाकतात. कित्येकदा रात्रीचा चोर गवा नसून शेजाऱ्याची गाय असते, आणि ही गोष्ट पंचांसमोर मान्य करणे दोन्ही घरांना जड जाते. कॅमेऱ्याची खरी गरज येथे भासते.

आता निवडीकडे. दुकानदार प्रथम मेगापिक्सेलचा आकडा दाखवितो. त्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष चित्र ग्रहण करणारा भाग लहान असतो, आणि डब्यावर छापलेला मोठा आकडा हा यंत्राने मधले ठिपके स्वतः भरून केलेला फुगवटा असतो. सांबर आहे की गाय एवढे ओळखण्यास साधे चित्र पुरते. त्यापेक्षा पाहावयाची गोष्ट ही की, जनावर समोर आल्यापासून चित्र निघेपर्यंत किती वेळ जातो. अर्ध्या सेकंदाच्या आत चित्र निघत असेल तर वाटेवरून चालत जाणारे हरीण पुरे दिसते. सेकंद-दीड सेकंद लागत असेल तर पाठीमागचा भाग व शेपूट तेवढे मिळते, आणि शेपटीवरून वाद मिटत नाही. एक चित्र घेतल्यानंतर दुसऱ्यासाठी यंत्र किती वेळात सज्ज होते हेही विचारावे, कारण चितळ एकटे जात नाही. पहिल्याच्या मागून सात-आठ असतात.

हा कॅमेरा हालचाल पाहतो असे आपण समजतो, ते अर्धेच खरे आहे. त्याच्या पुढील भिंगामागे उष्णता ओळखणारा भाग असतो. जनावराच्या अंगाची उष्णता आणि पाठीमागील जमीन-झाडोऱ्याची उष्णता यांतील फरक जेव्हा त्याच्यासमोरून सरकतो तेव्हा तो जागा होतो. याचा अर्थ असा की, मे महिन्यात दुपारी हवा व कातळ ही अंगाइतकीच तापलेली असताना समोरून सांबर गेले तरी कॅमेरा झोपलेला राहू शकतो. उलट उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलत राहिले तर तो दिवसभर रिकामी चित्रे काढीत बसतो व कार्ड भरून टाकतो. उन्हाळ्यातील दुपारच्या वेळी चित्र नाही, यावरून प्राणी नाही असे म्हणता येत नाही.

रात्रीच्या प्रकाशाचे तीन प्रकार मिळतात. पांढऱ्या झोताने रंगीत चित्र मिळते, पण जनावर बुजते आणि दुरून माणसालाही कॅमेऱ्याचा पत्ता लागतो. वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके स्पष्ट हवे असतात तेथे तो उपयोगी. हरणांसाठी त्याची जरुरी नाही. अवरक्त प्रकाशात दोन जाती आहेत. एकीत कॅमेऱ्यावर मंद तांबूस ठिपके दिसतात आणि तिचा उजेड लांब पोचतो. दुसरीत डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण उजेड तितका दूर जात नाही. मोकळ्या शेताच्या कडेला पहिली बरी. वाटेवर, जेथे जनावर चार-पाच मीटरवरून जाते व चोरीचेही भय असते, तेथे दुसरी घ्यावी. अवरक्त चित्र काळेपांढरे येते. गाईचा रंग ताबंडा की काळा हे त्यावरून कोणी ठरवू नये.

दूरध्वनीच्या जाळ्यावरून चित्र तत्काळ हातातील फोनवर पाठविणारे कॅमेरेही निघाले आहेत. ते आकर्षक आहेत. परंतु ज्या दरीत माणसाच्या फोनला संदेश येत नाही त्या दरीत कॅमेऱ्यालाही तो येत नाही, हे विकत घेण्याआधी त्या जागी स्वतः उभे राहून पाहावे. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एकच कॅमेरा घ्यावयाचा असेल तर साधा, कार्डावर चित्र साठविणारा, आवरण घट्ट बसणारा घ्यावा आणि वाचलेल्या पैशात चांगल्या बॅटऱ्या व दोन कार्डे घ्यावीत. स्वस्त बॅटरी दिवसा चालते व रात्री प्रकाशाला कमी पडते. मग सकाळी कार्डावर दिवसाची माकडे तेवढी सापडतात. गोव्यात कॅमेऱ्याचा आणखी एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे मुंग्या. उबदार डबा पाहून त्या आत घर करतात. कडेची रबरी पट्टी दर वेळी पुसून पाहावी व आत ओल शोषणारी पुडी ठेवावी.

बांधणीची जागा हा या विद्येचा गाभा. हरीण जेथे चरते तेथे कॅमेरा लावण्याचा मोह होतो. परंतु चरताना ते चौफेर हिंडते आणि कॅमेऱ्याच्या टापूत येईलच असे नाही. शेतात शिरण्याची त्याची वाट बहुधा ठरलेली असते. बांधातील खिंडार, ओढ्याचा उतार, कुंपणातील मोडलेली जागा यांपैकी एक. तेथे, वाटेपासून तीन-पाच मीटरवर, माणसाच्या गुडघ्याच्या थोडे वर कॅमेरा बांधावा. पिसोरीसाठी फूटभर उंचीवरच. तो वाटेला काटकोनात न ठेवता तिरपा ठेवावा, म्हणजे जनावर समोरून तडक निघून न जाता काही क्षण टापूत राहते. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असावे; पूर्वपश्चिमेला ठेवल्यास उगवतामावळता सूर्य त्याला फसवितो. समोरचे गवत हाताने काढावे, फांद्या तोडू नयेत. बांधून झाल्यावर स्वतः हरणाच्या उंचीने वाकून समोरून जाऊन पाहावे. हे करताना हसू आले तरी चुकवू नये, कारण निम्मे दोष याच वेळी कळतात. मीठ किंवा दाणे टाकून जनावराला बोलावू नये. बोलावलेला पाहुणा आपणहून आला होता की नाही हे मग कोणालाच सांगता येत नाही.

तारीख व वेळ बरोबर लावली आहे ना, हे दोनदा पाहावे. बॅटरी काढताच कित्येक यंत्रांतील घड्याळ मागे जाते, आणि रात्री दोन वाजता आलेले मेरू कागदावर दुपारी दोनचे होते. पंचनाम्यासोबत चित्र जोडावयाचे असेल तर अशी एक चूक सारा पुरावा निकामी करते. चित्र हे पंचनाम्याची जागा घेत नाही, त्याला बळकटी देते. म्हणून नुकसान झालेली जागा व कॅमेऱ्याची जागा यांतील अंतर त्याच दिवशी लिहून ठेवावे. दोन-तीन आठवडे कॅमेरा जागचा हलवू नये आणि रोज पाहावयास जाऊ नये. माणसाचा वास हरणाला आठवण करून देतो.

मग कार्ड घरी येते व मोजणी सुरू होते. एका रात्रीत सांबराची बारा चित्रे निघाली तर बारा सांबरे आली असे कोणी म्हणेल. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, प्रत्येकाचे निराळे, आणि डाव्याउजव्या बाजूंचेही निराळे. म्हणून व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. सांबराच्या अंगावर ओळखीची अशी खूण नसते. एकच मादी बारा वेळा येऊन गेली असेल. चित्रांची संख्या ही प्राण्यांची संख्या नव्हे, हे शाळेतील मुलांना जितके सांगावे तितकेच कार्यालयातील तक्ता भरणाऱ्यालाही सांगावे लागते. मात्र चित्रे जे सांगतात ते कमी नाही. येण्याची वेळ कळते, चांदण्या व काळोख्या रात्रींतील फरक कळतो, नराच्या शिंगांवर मखमल आहे की ती झडून शिंगे कठीण झाली आहेत हे दिसते, मादीबरोबर पाडस आहे का तेही दिसते. राखणदाराला सारी रात्र जागवण्याऐवजी दोन प्रहर जागणे पुरेल का, याचे उत्तर अशा टिपणांतूनच मिळते.

आता माणसांविषयी. रानाच्या वाटा केवळ जनावरांच्या नाहीत. जळण आणणाऱ्या, काजूच्या बिया गोळा करणाऱ्या, गुरे चारणाऱ्या स्त्रिया त्याच वाटांनी जातात, आणि आडोसा म्हणून त्याच झुडपांकडे वळतात. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाने केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. तेथील एका स्त्रीचे लज्जास्पद अवस्थेतील छायाचित्र कॅमेऱ्यात टिपले गेले व फोनवरून गावभर फिरले. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडून जाळले. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट त्या अभ्यासात आहे. कॅमेरे पाहत आहेत या संकोचाने स्त्रियांनी रानात मोठ्याने गाणे-बोलणे कमी केले. तो आवाज हा त्यांचा जुना बचाव होता. तो ऐकून हत्ती व वाघ दूर होत असत. जनावरांच्या रक्षणासाठी लावलेल्या यंत्राने माणसांचे रक्षण काढून घेतले, असा हा प्रकार.

म्हणून गावाच्या हद्दीत कॅमेरा लावण्यापूर्वी ग्रामसभेत सांगावे, आणि स्त्रियांना वेगळे विचारावे की कोणत्या वाटा व कोणत्या जागा वगळावयाच्या. त्या सांगतील त्या जागा कारण न विचारता वगळाव्यात. पाणवठा, आडोशाची झाडी, देवराईतील पूजेची जागा येथे कॅमेरा नसावा. झाडावर ठळक अक्षरांत पाटी लावावी. कार्ड कोणाच्या ताब्यात राहील हे एका नावाने ठरवावे, आणि त्यात माणूस दिसला की ते चित्र कोणाला न दाखविता त्याच बैठकीत काढून टाकावे. त्यात गुन्हा दिसत असेल तर ते फक्त अधिकृत अधिकाऱ्याच्या हाती द्यावे. चोरी होईल म्हणून पाटी न लावणारे पुष्कळ असतात. लोखंडी पेटी व साखळी यांनी चोरी पुष्कळशी टळते. लपवाछपवीने गावाचा विश्वास जातो, आणि मग ना पेटी उपयोगी पडते ना साखळी.

अभयारण्यात मात्र ग्रामसभेची संमती पुरेशी नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला किंवा भगवान महावीर अभयारण्यात छायाचित्रण वा अभ्यास करावयाचा तर अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती हाती आल्यावरच कॅमेरा पिशवीतून बाहेर काढावा. स्वतःच्या बागायतीत लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ किंवा बिबट्या दिसला तर प्रथम वनक्षेत्रपालांना कळवावे. ते चित्र जागेच्या नावासह फोनवरच्या गटांत टाकले की तासाभरात ते कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषबाधेने मेलेले आढळले, ही गोष्ट सत्तरीत अजून ताजी आहे.

शाळांना या कॅमेऱ्याचा चांगला उपयोग करता येईल. शाळेच्या आवारामागील झाडीत, मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर एक कॅमेरा महिनाभर ठेवावा. त्यापूर्वी त्या झाडीत कोणकोण येत असेल याची यादी मुलांकडून लिहून घ्यावी व ती बंद पाकिटात ठेवावी. कार्ड आल्यावर पाकीट उघडावे. मुंगूस व उदमांजर बहुधा यादीत नसतात आणि कार्डावर असतात. तारीख, वेळ, प्राणी, संख्या एवढेच चार रकाने वहीत आखावेत. पाचवा रकाना ‘नक्की कळत नाही’ यासाठी ठेवावा आणि तो भरल्याबद्दल मुलाला रागावू नये.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कॅमेरे उतरवून घ्यावेत. गोव्याच्या पावसात घट्ट आवरणातही ओल शिरते, आणि समोरचे गवत पंधरा दिवसांत कॅमेऱ्याच्या वर जाते. उतरविल्यावर बॅटऱ्या बाहेर काढाव्यात, नाहीतर त्या आतच पाझरतात. पट्टा झाडाला बांधलेला सोडून येऊ नये; साल वाढली की तो तिच्यात रुततो. कार्डावर जागेचे नाव व तारखा लिहून ते वेगळ्या पाकिटात ठेवावे. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा त्याच झाडावर, त्याच उंचीला कॅमेरा बांधता यावा म्हणून झाडाला खडूने नव्हे तर रंगाने लहानशी खूण करून ठेवावी.